आठ टनांची सवय

आमच्या प्रयोगशाळेतलं यूटीएम नऊ वर्षं बंद होतं, आणि त्या नऊ वर्षांत एकाही विद्यार्थ्याचा प्रयोग चुकला नाही.

यूटीएम म्हणजे लोखंडाची सळई दोन्ही टोकांना जबड्यात धरून ओढणारं आणि शेवटी तोडणारं मशीन. माणसाच्या दीडपट उंच, शेजारी घड्याळासारखी भली मोठी तबकडी, आणि तिच्यावर सळईला किती टनांचा ताण बसतोय ते दाखवणारा काटा. त्याचा पंप गेला, दुरुस्तीचा प्रस्ताव वर गेला आणि वरच राहिला. आमचे लॅब असिस्टंट खोतमामा दर दसऱ्याला त्याला झेंडूची माळ घालत, जबड्यांना तेल देत. मुलं सीनियरच्या जर्नलमधून रीडिंग उतरवून घेत आणि मी खाली सही करत असे. इंजिनिअरिंग कॉलेजातून गेलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. उत्तर काय यायला हवं ते पुस्तकात असतं; तिथून गणित करत उलटं मागं आलं की रीडिंग तयार. प्रयोग करण्यापेक्षा हे सोपं, शिवाय अक्षरही चांगलं येतं.

मी उज्ज्वला मगदूम. कोल्हापूर-सांगली रस्त्यावर उसाच्या मळ्यांमध्ये आमचं खासगी इंजिनिअरिंग कॉलेज आहे, तिथे सव्वीस वर्षं मी पदार्थबल शिकवते. वस्तूवर भार आला की ती किती ताणली जाते, कधी वाकते, कधी तुटते, याचं हे शास्त्र. मी फार छान शिकवते असं माझं प्रामाणिक मत होतं. माझ्या नोट्सच्या झेरॉक्स पार इस्लामपूरपर्यंत जायच्या. निकाल मात्र साठांत पंचवीस लागायचा, आणि याचं खापर मी बिनदिक्कत मुलांवर फोडायचे. पालथ्या घड्यावर पाणी, असं स्टाफरूममध्ये म्हणायचे आणि चहाचा घोट घ्यायचे.

अशा घड्यांपैकी एक होती करिष्मा नदाफ. पेठ वडगावला तिच्या वडिलांचं गाद्या भरायचं दुकान. हजेरी पूर्ण, वही नेटकी, आणि पदार्थबलात सलग तीनदा नापास. विद्यापीठाचा नवा नियम असा, की एका विषयात चार वेळा नापास झालेल्याचा प्रवेश रद्द. करिष्माची चौथी आणि शेवटची खेप उरली होती. तिचे वडील मला भेटायला आले, खुर्ची देऊनही बसले नाहीत. म्हणाले, "मॅडम, पोरगी घरातला पंखा खोलून दुरुस्त करती, शेजारच्यांचा मिक्सर करती. मग तुमच्या पेपरातच काय हुतंय तिला?"

लक्ष देते, म्हणाले आणि त्यांना वाटेला लावलं.

त्याच वर्षी आमच्याकडे बंडी आली.

तिचं खरं नाव बरंच लांबलचक होतं, पण दिसायला ती बिनबाह्यांची, जाडसर कापडाची बंडीच होती, तेव्हा पोरांनी पहिल्या दिवशीच बारसं करून टाकलं. पुण्यातल्या एका कंपनीनं ती बनवली होती. विद्यापीठाला एका कॉलेजात चाचणी घ्यायची होती आणि पदार्थबलाच्या निकालात आम्ही खालून दुसरे होतो. खालून पहिल्या कॉलेजानं नकार दिला, म्हणून आमची निवड झाली.

बंडीमागचं शास्त्र मला पहिल्याच वाचनात आवडलं. आपल्या मेंदूला बातमी कुठल्या दारानं आली याचं फारसं सोयरसुतक नसतं. आंधळ्या माणसाच्या हातात काठी असते, पण काही दिवसांनी त्याला रस्ता मुठीत जाणवत नाही, काठीच्या टोकाला जाणवतो. काठी त्याच्या शरीराचा भाग होते. बंडीच्या कापडात तीनशे बारीक मोटारी विणलेल्या होत्या. सळईवर चिकटवलेले संवेदक सळईची बातमी देणार आणि मोटारी ती अंगावर उमटवणार. सळईवरचा भार वाढला की बरगड्या आवळल्या जाणार. सळईची लांबी वाढू लागली की पाठीच्या कण्यावरून मुंग्या चालल्यासारखं खाली सरकत जाणार. रोज तासभर, असे तीन आठवडे गेले की मेंदू ती सळई आपल्याच अंगाची समजू लागतो. मग सूत्र पाठ करायचं कामच नाही.

या साठ मुलांपुरता लेखी पेपर रद्द झाला. त्याऐवजी परीक्षा अशी: विद्यार्थ्यानं बंडी घालायची, डोळ्यांवर पट्टी बांधायची, सळई ओढली जाईल, आणि ती नमेल त्या क्षणी हात वर करायचा. नमणं म्हणजे काय तेही सांगते. थोडा भार असेल तर सळई रबरासारखी ताणली जाते आणि भार काढला की पूर्ववत होते. एका मर्यादेपलीकडे मात्र ती परत येत नाही, लांबलेली ती लांबलेलीच राहते. ती मर्यादा म्हणजे नमण्याचा भार. पूल बांधा नाहीतर पाळणा, सगळं गणित या एका आकड्याभोवती फिरतं. शंभरात पाचाच्या वर चूक झाली तर नापास.

पण सरावाला मशीन कुठं होतं? तेव्हा असं ठरलं, की सराव कॉम्प्युटरमधल्या काल्पनिक सळईवर करायचा आणि परीक्षेआधी विद्यापीठ आमचा पंप बदलून देणार. काल्पनिक सळई अगदी आमच्या मशीनसारखी वागावी म्हणून कंपनीनं आमच्या प्रयोगांची जुनी रीडिंग मागितली. प्राचार्य शिंत्रे सरांनी नऊ वर्षांची पाचशेचाळीस जर्नलं स्कॅन करून पाठवून दिली. आठवड्याभरात कंपनीचं अभिनंदनाचं पत्र आलं, की इतकी सुसंगत निरीक्षणं आम्हाला देशात कुठंच मिळाली नाहीत. शिंत्रे सरांनी ते फ्रेम करून केबिनमध्ये लावलं.

त्या दिवशी मला त्या फ्रेमकडे बघवेना, खोटं कशाला सांगू. पण मी मनाची समजूत घातली, की रीडिंग पुस्तकावरून काढलेली आहेत आणि पुस्तक काही चूक नाही.

आणि मग मी स्वतः बंडी घातली, आणि सगळं विसरले. खोतमामांनी बटण दाबलं, बरगड्या हळूहळू आवळत गेल्या, पाठीतून मुंग्या खाली उतरू लागल्या, आणि आठ टनांवर एक झटका बसला. सळई नमली होती. सव्वीस वर्षं मी जे फळ्यावर खडूनं लिहीत होते ते माझ्या पाठीतून गेलं होतं. मी तिथंच उभी राहून मोठ्यानं हसले. मुलं बघत राहिली. मगदूम मॅडमना हसताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

पुढचे तीन आठवडे माझ्या नोकरीतले सगळ्यात आनंदाचे. मुलं लॅबमधून हलेनात. जेवणाच्या सुट्टीत बंडीसाठी भांडणं व्हायला लागली. सळई जाड झाली की बरगड्यांना काय होतं, लांब केली की पाठीला काय होतं, हे पोरं एकमेकांना कँटीनमध्ये सांगायची, आणि सांगता सांगता कधी सूत्र मांडून जायची ते त्यांनाही कळायचं नाही. करिष्मा तर सगळ्यांच्या पुढं गेली. तिसऱ्या आठवड्यात तिनं वीस वेळा बंडी घातली आणि वीसही वेळा बरोबर आठ टनांना हात वर केला. वर्गानं बाकं वाजवली. आमच्याकडच्या मुली बोलताना 'मी जातो, मी करतो' असंच म्हणतात, ती मला म्हणाली, "मॅडम, मी ह्या वेळी काढतो की ओ विषय." मी तिच्या वडिलांना फोन करून सांगितलंसुद्धा.

परीक्षेच्या दहा दिवस आधी नवा पंप बसला. खोतमामांनी नारळ फोडला. नऊ वर्षांनी काटा हलला तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि पहिल्या खऱ्या सळईचा मान अर्थातच करिष्माला दिला.

काटा चढत गेला. पाच, सहा, सात. बरोबर आठावर तिचा हात वर गेला. सगळे सळईकडे बघू लागले. सळईला काही झालंच नव्हतं. साडेआठ. नऊ. करिष्माचा हात वरच होता आणि ती डोळ्यांवरच्या पट्टीआडून हसत होती, टाळ्यांची वाट बघत. नऊ पूर्णांक चार टनांना सळई नमली. दुसरी सळई दुसऱ्या दुकानातून आणलेली होती. दुसऱ्या मुलाला उभं केलं. ती सात पूर्णांक एकलाच नमली आणि तोवर त्याचा हात खालीच. दिवसभरात आम्ही अकरा मुलं उभी केली. सगळ्यांचे हात आठालाच वर गेले. सळई आठाला एकही नमली नाही.

मुलांना घरी पाठवलं आणि मी कपाटातली जर्नलं काढली. एकेक उघडून टेबलावर ठेवत गेले. बारा रीडिंग. प्रत्येक जर्नलमध्ये तीच बारा, दशांश चिन्हापर्यंत तीच, आणि खाली ओळ: नमण्याचा भार आठ टन. सर्वांत जुनं जर्नल उघडलं आणि मला तो दिवस आठवला. पंप आदल्या दिवशी गेला होता आणि दुसऱ्या दिवशी सबमिशन होतं. मीच पुस्तक उघडून आकडेमोड केली होती आणि मीच ती बारा रीडिंग फळ्यावर लिहून दिली होती. नऊ वर्षं पोरं ती उतरवत आली. आता तीच साठ पोरांच्या बरगड्यांत जाऊन बसली होती. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

मी दुसऱ्या दिवशी शिंत्रे सरांना सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, मुलांना बदलायला वेळ नाही, पण सळया बदलता येतील. परीक्षेच्या सळया कॉलेजच पुरवणार आहे. प्रत्येक लॉटमधली एक तोडून पाहायची, आणि बाकीच्या वर्कशॉपमध्ये लेथवर बेतानं बारीक करून घ्यायच्या, इतक्या की बरोबर आठाला नमतील.

म्हणजे प्रश्नच कातून उत्तराच्या मापाचा करायचा. मला हसू यायला हवं होतं. पण माझ्यासमोर साठ मुलांचं वर्ष होतं आणि करिष्माची शेवटची खेप होती, आणि चूक माझी होती. मी हो म्हटलं.

दुपारी मी स्वतः वर्कशॉपमध्ये जाडी मोजायचं व्हर्नियर घेऊन उभी होते. तिसरी सळई लेथवर चढली तेव्हा मागं करिष्मा आली. तिला खरी सळई हवी होती, पुन्हा करून बघायला. तिनं लेथ पाहिला, माझ्या हातातलं व्हर्नियर पाहिलं, पाटीत चमकणारा कीस पाहिला. पोरगी पंखे खोलणारी, तिला कळायला वेळ लागला नाही.

"म्हणजे परीक्षेला पण आठच येणार?" तिनं विचारलं.

"हो. तू पास होशील," मी म्हणाले.

तिनं पाटीतला थोडा कीस बोटानं उचलून पाहिला. मग म्हणाली, "पास होणार की ओ मॅडम. पण मला येत नाही ते तसंच राहणार. तीनदा नापास झालो तवा निदान ठाऊक तरी होतं, येत नाही म्हणून."

यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मी लेथ बंद करायला सांगितला. न कातलेली एक सळई उचलली आणि तिला म्हणाले, चल.

लॅबमध्ये मी तिला बंडी घालायला लावली, पट्टी बांधली आणि सांगितलं, की आज हात वर करायचाच नाही. आठ टन, नऊ टन, सगळं डोक्यातून काढून टाक. फक्त बोलत राहा, काय वाटतंय ते.

खोतमामांनी झडप उघडली. "बरगड्या आवळतायत," ती म्हणाली. "पाठीत मुंग्या, हळू. दोन्ही बरोबरच वाढतंय. हात वर जायला बघतोय मॅडम, आठ आले वाटतं." आठच आले होते. मी म्हटलं, जाऊ दे, पुढं बोल. "वाढतंय. वाढतंय. आता..." ती थांबली. "मॅडम, बरगड्या थांबल्या. आवळणं थांबलं आणि मुंग्या मात्र पळतायत. पार कमरेपर्यंत पळाल्या. असं आधी कधीच झालं नव्हतं ओ."

मी तबकडीकडे पाहिलं. काटा नऊच्या जरा पुढं अडकल्यासारखा थांबला होता, थोडा मागंही हटला होता, आणि सळई डोळ्यांसमोर लांबत होती. तिच्या अंगावरची काळी खपली तडकून खाली पडत होती.

खोतमामा शांतपणे म्हणाले, "दम खाती बगा सळई. नमायच्या येळंला थांबून दम खाती. आन् कात टाकती."

"मामा, हे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?"

"व्हय की. तुमी कदी इचारलं न्हाई."

शास्त्र पुस्तकातही आहे, मीही शिकवलेलं होतं; पण मशीन चालू होतं तेव्हाही काट्यापाशी मामाच असायचे आणि मी टेबलावर सह्या करायचे. लोखंडाच्या आत अणूंच्या रांगा असतात आणि त्यांच्या फटींत कार्बनचे अणू पाचर मारल्यासारखे बसलेले असतात. भार वाढला की रांगा सरकू बघतात, पाचरी सरकू देत नाहीत. एका क्षणी त्या सुटतात, आणि मग भार न वाढवताही सळई लांबत सुटते. हेच ते दम खाणं. पण आमच्या बारा रीडिंगमध्ये ते कुठं दिसणार? आम्ही रीडिंग लिहायचो ती दर टनाला एक, अशी ठराविक अंतरानं. मध्ये काटा थांबतो ते लिहायला रकानाच नाही. काल्पनिक सळई त्या रीडिंगवर घडली, म्हणून ती कधी थांबलीच नाही. मुलं आवळण्याची एक विशिष्ट पातळी ओळखायला शिकली होती. ओळखायचं होतं ते थांबणं, मग ते सातला येवो की अकराला.

मी करिष्माची पट्टी सोडली. ती घामाघूम झाली होती आणि तिचे डोळे असे चमकत होते, की मला माझं पहिलं वर्ष आठवलं. "मॅडम, प्रत्येक सळईचं वेगळं असतंय! तीच सांगती!" ती म्हणाली. मग आम्ही दोघींनी मिळून आणखी चार तोडल्या. दोनदा बंडी मी घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्गासमोर उभी राहिले आणि सांगून टाकलं, की ती बारा रीडिंग खोटी आहेत आणि ती मी लिहून दिली होती. मला वाटलं आभाळ कोसळेल. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "मॅडम, ते सगळ्यांनाच माहीत आहे." वर्ग हसला. मीही हसले, पण माझे डोळे भरून आले होते.

मग मी विद्यापीठाला पत्र लिहिलं. रीडिंग कशी तयार झाली, बंडीचा सराव का चुकला, सगळं, माझ्या नावानिशी. सोबत विनंती केली, की परीक्षेच्या सळया कॉलेजकडून घेऊ नका, बाहेरून आणा. शिंत्रे सर भडकले. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, हे एवढ्या वर्षांत तुम्हाला कळलं नाही का, असं त्यांनी विचारलं. ते खुर्चीतून उठून उभे राहिले होते आणि अभिनंदनाचं पत्र बरोबर त्यांच्या डोक्यामागं होतं. मी म्हणाले, कळलं होतं सर, म्हणून तर हे झालं.

आठ दिवस उरले होते. मेंदूला नवी काठी अंगवळणी पडायला तीन आठवडे लागतात, पण कंपनीला फोन केल्यावर कळलं, की बंडी तर आधीच अंगवळणी पडलेली आहे; बदलायचा आहे तो फक्त अर्थ, आणि त्याला उपाय एकच. जितक्या निरनिराळ्या सळया तोडाल तितकं चांगलं.

मग जे झालं त्याला मी जत्राच म्हणेन. पोरांनी गावोगावच्या सळया आणल्या. बांधकामावरचे तुकडे, जुन्या खिडकीचे गज, ट्रॅक्टरचा दांडा, कुणाच्या तरी आजोबांच्या पलंगाचा पाय. शिरोलीच्या फौंड्रीत काम करणाऱ्या एका पालकानं टेम्पोभर भंगार पाठवलं. करिष्माच्या वडिलांनी दुकानाच्या मोडक्या शटरचे बार पाठवले. सकाळी सातपासून लॅबमध्ये धाड धाड आवाज. सळई तुटली की अख्खा कॉरिडॉर ओरडायचा. मेकॅनिकलची मुलं बघायला येऊ लागली, मग कॉम्प्युटरची. खोतमामांचा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला: "दम खाल्ला, दम खाल्ला!" आणि आता रीडिंग लिहायची पद्धतच मुलांनी बदलली. ठराविक अंतराचा रकाना त्यांनी खोडला आणि जिथं काही घडेल तिथं लिहायला लागली. एकाच्या वहीत मी वाचलं: 'साडेसहाला खपली पडली, मामा शिंकले, काटा थांबला.' मी मामांची शिंकही ठेवली.

आठ दिवसांत एकशेतीस सळया तोडल्या. तरी भीती होतीच. जुनी सवय मेलेली नव्हती. मुलं सांगायची, आठ टनांच्या आसपास हात आपोआप उचलला जातो, तो दुसऱ्या हातानं दाबून ठेवावा लागतो. करिष्माचाही.

विद्यापीठानं माझं पत्र भलतंच मनावर घेतलं. परीक्षक म्हणून डॉ. टेंगशे आले. साठीचे, किडकिडीत, बोलायला तुटक. सोबत जीपमध्ये साठ सळया, सगळ्यांना हिरवा ऑइलपेंट फासलेला, म्हणजे वरून काही ओळखू येऊ नये. त्यांनी माझं पत्र फाइलमधून काढून टेबलावर ठेवलं आणि मला सांगितलं, की बंडी वगैरे त्यांना थोतांड वाटतं, पण पत्र वाचून ते यायला तयार झाले.

परीक्षा हजेरीच्या क्रमानं. करिष्माचा नंबर चौतिसावा. तिच्या आधीच्या तेहतिसांपैकी एकोणतीस पास झाले. चौघांचा हात आठालाच गेला. आनंदानं माझा ऊर भरून आला होता, पण मी त्या चौघांचीच नावं पुन्हा पुन्हा वाचत होते, कारण त्यांना अजून खेपा होत्या आणि करिष्माला एकही नव्हती.

तिनं बंडी घातली, पट्टी बांधून घेतली. टेंगशे सरांनी ढिगातून एक सळई उचलून खोतमामांच्या हातात दिली. संवेदक चिकटवले, झडप उघडली.

एक टन. दोन. करिष्माचा डावा हात उजव्या मनगटावर घट्ट होता. तीन. तिच्या कपाळाला आठी पडली. चार. करिष्मा मान हलवायला लागली, नाही, नाही, अशी.

"सर," ती म्हणाली.

"बोलायचं नाही. हात वर करायचा," टेंगशे म्हणाले.

साडेचार. पाच. तिनं हात वर केला नाही. ती मागं सरकली आणि मोठ्यानं बोलली. "सर, बरगड्या आवळतायत पण पाठीत मुंग्याच नाहीत. ही लांबतच नाही. हे पोलाद नाही सर, ही दम खाणार नाही. ही तुटणार. मामा, मागं व्हा."

खोतमामांनी माझ्याकडं पाहिलं, मी मान हलवली आणि ते दोन पावलं मागं झाले. टेंगशे काट्याकडं बघत होते. पाच पूर्णांक आठला, कसलीही सूचना न देता, सळई बंदुकीचा बार उडावा तशी तुटली. तुकडा जबड्यातून निसटून खोतमामा मघाशी उभे होते तिथल्या फरशीवर आदळला.

टेंगशे सरांनी तुकडा उचलला. तुटलेला भाग करडा, खडबडीत दिसत होता. बीड. म्हणजे ओतीव लोखंड, जे पोलादासारखं नमत नाही, सरळ तुटतं. ते म्हणाले, साठांत एक मुद्दाम घातली होती, कुणाच्या वाट्याला येईल ते त्यांनाही माहीत नव्हतं. सवयीनं शिकलेलं मूल हिच्यासमोर आठाची वाट बघत उभं राहील, असा त्यांचा अंदाज होता.

मग ते टेबलाशी आले आणि गुणपत्रिकेवर पेन धरून थांबले. तिथं एकच रकाना होता: हात वर केला तेव्हाचा भार. करिष्मानं हात वर केलाच नव्हता. नियम सरळ होता, हात नाही तर गुण नाहीत. माझ्या बरगड्या अशा आवळल्या, की मला वाटलं बंडी मीच घातली आहे.

"मॅडम, इथं काय लिहू?" त्यांनी विचारलं. "तुम्हीच सांगा."

सव्वीस वर्षं मी मुलांना हेच सांगत आले होते, काय लिहायचं ते. मी म्हणाले, "जे दिसलं ते लिहा, सर."

त्यांनी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: 'सळई नमली नाही. ५.८ टनांना तुटली. विद्यार्थिनीने हे ५ टनांना सांगितले, कारणासह.' त्याखाली एक रेघ मारली आणि तिच्याखाली लिहिलं: 'उत्तीर्ण'.

मी करिष्माकडं गेले. ती अजून पट्टी बांधून उभी होती. मी पट्टी सोडली आणि सांगितलं, पास झालीस. पोरांनी लॅब डोक्यावर घेतली. तिला रडू येईल असं मला वाटलं होतं, कारण मला आलं होतं. पण तिचं लक्ष माझ्याकडं नव्हतंच. ती जमिनीवरचा दुसरा तुकडा उचलून उजेडात धरून बघत होती. मग तो तिनं टेबलावर ठेवला आणि टेंगशे सरांसमोर उभी राहिली.

"सर," ती म्हणाली, "अजून कसली आणली आहे का ओ? एक लावा की."

परीक्षेला बसलेल्या मुलानं आणखी एक प्रश्न मागितलेला मी सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच ऐकला.